डोक्याकडची दोरी

टार्बर्ट, मंगळवार, २० मे १९९७

शोनाग,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत टाकायला निघाली असशील. टाक. पण आधी एवढं वाच की तुझी सायकल माझ्याकडे आहे आणि मी ती तुला द्यायला येतेय. चालवत येतेय. घरून, नेसहून काल निघाले, आज टार्बर्टला पोचले. तुझं बॅरा बेट अजून लांब आहे हे मला माहीत आहे, कुणी सांगायला नको.

आई गेली हे तुला कळलं असणार. पेपरात आलं होतं आणि तो पेपर तुमच्याकडेही येतो. पेपरातून कळायला नको होतं. मी कळवायला हवं होतं. नाही कळवलं. का नाही ते लिहीनच, पण ते एका पत्रात मावणार नाही आणि मला एका बैठकीत जमणारही नाही. तुला ठाऊक आहे, बाबांचा पाय मोडला तेव्हा मला शाळेतून काढलं आणि तुला ठेवलं. आपल्या गेलिक भाषेत लिहायला तर शाळेने कुणालाच शिकवलं नाही. बायबल वाचून वाचून जे हाताला बसलंय ते हे आहे. हसायचं तर हस.

सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. तू ती इथल्याच धक्क्यावर टाकून बोटीत बसलीस, त्या दिवशी गोदामवाल्याचा फोन आला. बाबा लॉरी घेऊन गेले, सायकल आणली, टांगली, आणि म्हणाले की कॅथलिकाच्या घरात गेलेली मुलगी आपल्याला मेली, तिचं नाव या घरात निघायचं नाही. सायकलला मात्र दर उन्हाळ्यात तेल घालायचे. शिडी मी धरायची. एक अक्षर बोलायचे नाहीत. ते गेल्यावर आईने त्यांचाच शब्द पुढे चालवला, आणि तेल मी घालायला लागले. टायर तेवढे नवे घातलेत. बाकी सगळं तुझंच आहे. घंटी वाजत नाही, ती तुझ्या वेळीही वाजत नव्हती.

बसने का आले नाही असं विचारशील. बस चालवतो आत्येभाऊ कॅलमचा मेहुणा, आणि तो आरशातून बघत प्रश्न विचारतो. दुसरं म्हणजे बसने एका दिवसात तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते आणि तोंडातून शब्द फुटला नसता. मला रस्ता लांब हवा होता. पायांचं म्हणशील तर ट्वीडच्या कंपनीने नवे माग दिलेत, सायकलसारखे पायडल मारून चालवायचे. तेव्हापासून मागाचे पायडल मारतेय आणि एक इंच पुढे गेलेले नाही, तेव्हा हे त्या मानाने बरं आहे.

हॅरिसच्या डोंगराच्या चढावर मात्र उतरावं लागलं. ढकलत गेले. वर पोचले तर ढग खाली उतरलेले, पुढचं चाक दिसेना, आणि कुठून तरी मेंढी खोकत होती, अगदी बाबांसारखी. मी चक्क थांबले. उतारावर ब्रेक धरून धरून बोटं वाकडी झालीत, म्हणून अक्षर असं आलंय.

आज ज्या बाईकडे उतरलेय तिने माझी एक पिशवी अंगणात ठेवायला लावली. तिच्यात गुगा आहे. तुझ्यासाठी आणलाय. गेल्या वर्षी आपली माणसं सुला स्गेरच्या कड्यावर पक्षी धरायला गेली होती, त्यातला हा शेवटचा पक्षी, मिठात चांगला मुरलेला. तिकडे तुला कोण देणार गुगा? बाई म्हणाली, "नेसची माणसं समुद्रपक्षी खातात हे ऐकलं होतं, पण वासासकट फिरवतात हे माहीत नव्हतं." मी म्हटलं, तुझ्या बिछान्याच्या वासाबद्दल मी काही बोलले का? मग तिने अंडं दिलं.

पलीकडच्या पेगीला सांगून आलेय की दाढ काढायला स्टॉर्नोवेला जाते. मेंढ्या तिच्याकडे आहेत. म्हणजे निघतानाच एक खोटं. खोटं मोजायला घेतलं तर हे सगळ्यात लहान आहे.

मर्डिना


लीव्हरबरो, बुधवार

शोनाग,

बोट यायला वेळ आहे. आज दगडांच्या बाजूच्या रस्त्याने आले, पूर्वेकडून. चूक केली. पश्चिमेकडून वाळूच्या कडेने सपाट रस्ता होता, पण तिकडे चर्चची ओळखीची माणसं राहतात आणि मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. या बाजूला नुसता करडा दगड, त्यात काळं पाणी, पुन्हा दगड. बशीएवढ्या मातीत कुणीतरी बटाटे लावलेले. रस्ता वर, लगेच खाली, लगेच वर. कुणी आखला असेल तो पिऊन आला असेल.

एका घरी पाणी मागितलं तर म्हातारीने चहा दिला, आणि घरी कोण कोण आहे विचारलं. कुणी नाही म्हटलं. बहीण-भाऊ? नाही म्हटलं. ते तोंडातून गेलं आणि कप हातातच राहिला. तुला नाही म्हणायची सवय मला बाबांनी लावली, पण ती अजून इतकी तयार आहे हे मला वाटलं नव्हतं.

आता आईचं सांगते.

शनिवारी सकाळी गेली. त्रास झाला नाही. तीन रात्री घरात स्तोत्रं झाली, शेजारच्यांनी बाकडी आणली, सगळी वस्ती येऊन गेली. मंगळवारी नेलं. पेटी दारातून बाहेर काढली, पुरुषांच्या दोन रांगा लागल्या, पार खालच्या वळणापर्यंत. मी आणि पेगी फाटकाशी उभ्या. आपल्याकडे बायका पुढे जात नाहीत, ते तू विसरली नसशील. रांगेतला एक-एक जण चार पावलं खांदा देतो आणि मागे होतो, तसं ते सगळं हळूहळू सरकत गेलं आणि वळणाआड झालं.

पण त्याआधी इव्हरकाका घरात आले. चर्चचा कारभार अजून तेच बघतात. हातात दोऱ्यांचे कागद होते, पेटी कबरीत सोडताना कुठल्या माणसाने कुठली दोरी धरायची ते लिहायला. पायाकडची, खांद्याकडची, सगळी नावं झाली. मग म्हणाले, "मर्डिना, डोक्याकडची कुणाला?"

तुला माहीत आहे ती कुणाची असते. रक्ताचा सगळ्यात जवळचा पुरुष. माझं लग्न नाही, मला मूल नाही. आईच्या रक्ताचा एकच पुरुष जिवंत आहे आणि तो तुझा रोरी. इव्हरकाकांनाही ते माहीत होतं, म्हणून तर विचारलं. नुसतं लिहून टाकलं नाही.

खोलीत दहा माणसं होती. मी म्हटलं, "शोनागला कळवलंय. मुलाला यायला जमत नाही म्हणाली."

 पेगीने चहाची किटली जरा जोरात ठेवली, तेवढंच. इव्हरकाकांनी मान हलवली आणि कॅलमचं नाव लिहिलं. आत्येभाऊ तरी आहे.

तर आता सगळ्या नेसला ठाऊक आहे की शोनागला आई मेल्याचा निरोप गेला आणि तिने मुलाला पाठवलं नाही. दुकानात ऐकते मी. ज्या बाया बाबांच्या वेळेपासून मनातून तुझ्या बाजूच्या होत्या, त्याही आता म्हणतात की इतकं दगडाचं काळीज नको गं. मी मीठ, साखर घेते आणि घरी येते.

पेटी खाली सोडताना जरा तिरकी गेली म्हणे. मी नव्हते तिथे.

एवढंच आहे.

एवढंच नाही. पण बोटीचा भोंगा झाला.

म.


बेनबेक्युला, शुक्रवार

काल लिहिलं नाही. उत्तर यूइस्टभर वारा तोंडावर होता. इतका की उतारावरही पायडल मारावे लागत होते. झाड नाही, भिंत नाही, आडोसा म्हणून काही नाही. इकडे पाणी, तिकडे पाणी, मध्ये दोरीसारखा रस्ता. एकदा तर मी उतरून वाऱ्यालाच शिव्या दिल्या. एक लांब चोचीचा पक्षी खांबावर बसून ऐकत होता. मग मागचं चाक पंक्चर झालं. ट्यूब काढून तळ्यात बुडवून बुडबुडे शोधले, पट्टी लावली, तोवर गुडघ्यापर्यंत भिजले. गुगा मात्र कोरडा आहे. आता कुत्री माझ्या मागे येतात, प्रत्येक वस्तीतून एक तरी.

आता जे केलं ते सांगते. रस्त्याकडेला लाल फोनचं खोकं दिसलं. मी तुझा नंबर फिरवायला आत गेले होते, तो मला पाठ आहे. पण पेगीला लावला.

ती म्हणाली, "दाढ काढायला एवढे दिवस लागतात होय? का जबडाच ठेवून घेतला त्यांनी?"

मी म्हटलं, "दाढ नाही काढली. ऐक. शोनागला मी कळवलंच नव्हतं."

"काय कळवलं नव्हतंस?"

"आई गेल्याचं. मुलाला जमत नाही म्हणाली ते खोटं होतं. तिला कुणी सांगितलंच नाही. मी फोन केलाच नाही."

  ती म्हणाली, "हे मला कशाला सांगतेस?"

"कारण तू सगळ्यांना सांगशील."

"म्हणजे मी काय गावभर करत फिरते?"

"फिरतेस. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उपयोग आहे. उद्या मेंढ्या गोळा करायला सगळे येतील तेव्हा सांग. इव्हरकाकांना मात्र आज. आणि कॅलमसमोर सांग, त्याच्या मागे नको."

ती रडायला लागली, आणि ते मला चालत नाही, तुला माहीत आहे. म्हणाली, "अगं, मी तिला किती बोलले. फाटकाशी उभी राहून बोलले. तूसुद्धा ऐकत होतीस. मान हलवत होतीस."

हलवत होते. तेही लिहून ठेवते इथे, म्हणजे उद्या पेगीकडून कळायला नको.

नाणी संपली आणि फोन कटला. मी खोक्यातच उभी राहिले, पाऊस थांबेपर्यंत म्हणून. पाऊस थांबला तरी उभी होते. आपल्या वस्तीत आता मला कोण काय म्हणेल ते मला तोंडपाठ आहे. इव्हरकाका काहीच म्हणणार नाहीत. फक्त चर्चच्या दारात हात पुढे करणार नाहीत. ते सगळ्यात वाईट.

उद्या लुडागच्या धक्क्यावर पोचेन. तिथून तुमच्या बेटाची छोटी बोट सुटते असं म्हणतात. परवा रविवार, देवाचा दिवस, त्या दिवशी मी चाकाला हात लावणार नाही, हे तू धरूनच चाल. तेव्हा उद्याच.

मर्डिना


लुडाग, शनिवार

शोनाग,

हे पत्र तुला पोस्टाने येणार नाही, तुझ्या मुलाच्या हातून येईल. तो बोटीच्या इंजिनाकडे गेलाय. सुटायला अजून तासभर आहे म्हणाला, तेवढ्यात काय ते लिहा. मी धक्क्याच्या भिंतीवर कागद ठेवून लिहितेय, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर गुगा ठेवलाय.

दक्षिण यूइस्टमधून आले. वळणावळणाला मेरीची मूर्ती, काचेच्या पेटीत, पायाशी ताजी फुलं. आमच्याकडे दगडसुद्धा उभा करायला लोक घाबरतात, कुणी पूजा करेल म्हणून. एका मूर्तीशी चेन निघाली. खाली बसून बसवत होते, म्हणजे गुडघ्यावर होते, आणि तेवढ्यात एक म्हातारा सायकलवरून गेला आणि त्याने माझ्याकडे बघून टोपी काढली. बाबांनी हे बघितलं असतं तर पुन्हा एकदा मेले असते.

धक्क्यावर बोट लागली. एका पोराने उडी मारून दोरी खांबाला टाकली, दोन वेढे, न बघता. मग सायकलकडे बघितलं. म्हणाला, "ही तुमची का?"

मी म्हटलं, "नाही. बॅराच्या शोनागची."

"म्हणजे मर्डिनामावशी तुम्हीच. मी रोरी. आईचा निरोप आहे, सायकल घेऊन ये आणि मावशीला राहू दे."

"असंच म्हणाली?"

"याहून वाईट म्हणाली. मी कमी करून सांगतोय."

मला हसू आलं, आणि लगेच थांबलं, कारण तो आवाज मी आधी ऐकलाय. सांगते.

आईच्या शेवटच्या आठवड्यातलं आहे हे. नजर तर हिवाळ्यातच गेली होती. आवाजावर ओळखायची, मग तेही सुटत गेलं. मंगळवारी सकाळी मी तिला लापशी भरवत होते. ती म्हणाली, "शोनाग, आलीस होय."

वीस वर्षांत त्या घरात तुझं नाव निघालं नव्हतं. तेही तिनेच काढावं.

मी म्हटलं, आई, मी मर्डिना. ती म्हणाली, बोटीने आलीस का? मी म्हटलं, मर्डिना आहे मी, तोंड उघड. ती म्हणाली, समुद्र खवळला होता का गं? तोंड काही उघडेना. लापशी गार होत होती, बाहेर मेंढी व्यायला टेकली होती, आणि शोनाग, मला धीर नाही, कधीच नव्हता. मी म्हटलं, "हो, बोटीने आले. बरा होता समुद्र."

मग तिने तोंड उघडलं. घास घेतला. मग म्हणाली, "मुलगा कुठाय?"

"कामावर."

"नाव काय ठेवलंस?"

"रोरी."

तिने ते नाव दोन-तीनदा म्हणून बघितलं. मग नेहमीच्या आवाजात, अगदी कामं सांगायच्या त्या आवाजात म्हणाली, "मी गेले की त्याला माझ्या डोक्याशी उभा कर. डोक्याकडची दोरी त्याची. कुणी काही म्हणालं तर मी सांगितलंय म्हणून सांग. कॅलमला देऊ नका. तो लवकर सोडतो. तुझ्या बापाच्या वेळीही सोडली होती."

मी वाटीतली लापशी ढवळली.

"वचन दे, शोनाग."

मी म्हटलं, "दिलं, आई."

तुझं नाव घेऊन दिलं. ही तिची माफी होती, तिला येत होती त्या भाषेत. बोलून दाखवायची रीत आपल्या घरात नव्हती. बाबांचा शब्द मोडून तिने तुझ्या मुलाला स्वतःचं डोकं दिलं, आणि ते मी घेतलं. लापशीच्या वाटीसकट.

त्यानंतर ती शनिवारपर्यंत होती. तुला बोलवायला वेळ होता. सकाळची बोट, दुपारची बस, तू पोचली असतीस. बुधवारी मी फोनही लावला. एका पुरुषाने उचलला, "हॅलो, कोण?" म्हणाला, आणि मी ठेवून दिला. तो आवाज आज धक्क्यावर पुन्हा ऐकला. त्याने तुला सांगितलं असेल, कुणीतरी फोन लावला आणि बोललं नाही म्हणून. ती मी.

का ठेवला, ते या सहा दिवसांत चढावर आणि उतारावर धरून बघितलं. आधी मनाशी म्हणत होते की वस्तीत बोभाटा होईल, कॅथलिक मुलगा आपल्या कबरस्तानात, इव्हरकाकांना काय वाटेल. सगळं खोटं. इव्हरकाकांनी स्वतः विचारलं ते आधी लिहिलंच आहे. खरं एवढंच की तिला उचलायची मी, पुसायची मी, तिच्या चुलीत जाळायचं मातीचं पीट कापून, वाळवून, पाठीवरून आणायचं मी. आणि शेवटी डोकं कुणाला, तर ज्याने त्या घराचं दार बघितलं नाही त्याला. बाई म्हणून माझा हात त्या दोरीला लागणार नव्हताच. पण मग कुणाचाच नको, असं वाटलं. तुझा तर नकोच नको.

पेटी तिरकी गेली म्हणून लिहिलं होतं. इव्हरकाकांनी नंतर सांगितलं, कॅलमने दोरी लवकर सोडली. डोक्याकडून आधी टेकली ती. धपकन, म्हणाले. तिला ते आधीच माहीत होतं, तिने सांगून ठेवलं होतं, आणि मी फाटकाशी उभी राहून पेगीबरोबर माना हलवत होते.

आता एक शेवटचं. ते तुझं नाही, माझं आहे, पण आई ते तू समजून बोलली म्हणून तुलाच द्यायला हवं.

वचन घेतल्यावर तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी उठले. तर म्हणाली, "मर्डिना कुठाय?"

मी म्हटलं, "बाहेर. मेंढीकडे."

"हे दोरीचं तिला कळू देऊ नकोस," म्हणाली. "तिला लागेल."

रोरी बोलावतोय. सायकल बोटीत चढवली त्याने, एका हाताने, तुझ्यासारखं त्याला काही दोनदा उचलावं लागत नाही. पिशवीत काय मेलंय म्हणून विचारत होता. गुगा म्हटल्यावर म्हणाला, म्हणजे खरंच खाता तुम्ही ते. उकळताना पाणी तीनदा बदल, विसरली नसशील.

मी येत नाही. तू राहू दे म्हणालीस, मी राहतेय. धक्क्याजवळ एक विधवा बाई राहते, तिने खोली दिलीय. सोमवारची पहिली बोट येईपर्यंत आहे. त्यानंतर चालत घरी जाईन. सायकल तर तुझ्याकडे गेली.

मर्डिना


लुडाग, सोमवार

शोनाग,

घाईत लिहितेय. रोरी दोरी सोडायला उभा आहे आणि मावशी लवकर, मावशी लवकर करतोय. हे माझ्याकडून आलंय त्याच्यात, तुझ्याकडून नाही.

काल मी पेन हातात धरलं नाही. घरधनीण चर्चला जाऊन आली आणि मग दोरीभर कपडे वाळत घातले, रविवारी, सगळ्या समुद्राला दिसतील असे. मी खिडकीकडे पाठ करून बसले. ती म्हणाली, तुम्ही बटाटे तरी सोलू लागाल का? मी म्हटलं, सोमवारी सोलेन. ती म्हणाली, मग सोमवारीच जेवा. पण वाढलं तिने.

आज सकाळी बोट दिसली तेव्हा पुढे सायकल उभी होती. मला वाटलं तू ती परत पाठवलीस, म्हणजे संपलं. रोरीने ती धक्क्यावर ठेवली आणि तुझा निरोप दिला. तू सांगितलास तसाच दिला, या वेळी कमी करून नाही. मी त्याला दोनदा म्हणायला लावला.

"सायकल माझी आहे. जिथे टांगली होती तिथे नेऊन टांग. मी येईन न्यायला. आणि मी येईन तेव्हा मला कुणाला काही समजावून सांगायला लागू नये."

लागणार नाही. पेगी आहे. तिच्यातून कुणी उरलंच तर मी चर्चच्या दारात उभी राहून सांगेन, इव्हरकाकांनी हात दिला नाही तरी.

रोरीने विचारलं, आजीच्या डोक्याकडे जमीन बसलीय का? त्याला पत्र तू वाचायला दिलंस की सांगितलंस, मी विचारलं नाही. मी म्हटलं, वाळू आहे, बसतेच, आणि वरची हिरवळ अजून लावलेली नाही, उन्हाळ्यात लावतात. तो म्हणाला, मग डोक्याकडचा तुकडा मी लावतो, आईबरोबर येईन तेव्हा. मी म्हटलं, ये. म्हटलं, बायका तिथे जात नाहीत, पण तुला जागा कोण दाखवणार? मी दाखवेन.

गुग्याची पिशवी रिकामी परत आलीय, धुतलेली. अजून ओलसर आहे, म्हणजे काल धुतलीस. रविवारी. मी काही बोलत नाही.

आणि सीट. सीट तू खाली केलीयस. तुझे पाय आखूड, तुला ती तशीच लागायची. म्हणजे बसलीस तू तिच्यावर. कुठपर्यंत गेलीस? घंटी वाजवून बघितलीस का?

मी सीट वर केलेली नाही. आहे तिथेच राहू दे. वारा उत्तरेचा आहे, सगळा रस्ता तोंडावर. निघते.

मर्डिना